म्युरिएल राइट यांचे चरित्र मराठीत कसे लिहावे

म्युरिएल हेझल राइट (१८८९–१९७५) या अमेरिकेतील चॉक्टॉ या मूलनिवासी समाजातल्या इतिहासकार. ‘क्रॉनिकल्स ऑफ ओक्लाहोमा’ या त्रैमासिकाच्या संपादनात त्यांनी तीस वर्षे घालवली, शाळकरी मुलांसाठी राज्याच्या इतिहासाची पाठ्यपुस्तके लिहिली आणि ओक्लाहोमात राहणाऱ्या साठाहून अधिक मूलनिवासी समाजांची माहिती एका ग्रंथात वर्णानुक्रमे मांडली. कोशातील नोंद, दिवाळी अंकातला लेख किंवा महाविद्यालयीन निबंध अशा कोणत्याही निमित्ताने त्यांच्यावर मराठीत लिहू पाहणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. दीड-दोन हजार शब्दांचा चरित्रलेख डोळ्यांसमोर ठेवला आहे. त्याहून लहान नोंद लिहायची असल्यास काय गाळावे, हेही ओघाने सांगितले आहे.

आधी शब्द ठरवा

लेखनाला बसण्यापूर्वी शब्दांची एक यादी करून ती शेवटपर्यंत पाळावी, कारण या विषयात मराठी लेखकाचा घात माहितीच्या अभावापेक्षा शब्दांनीच अधिक होतो. पहिली अडचण ‘इंडियन’ या शब्दाची. राइट यांचा १९७१ साली ‘नॉर्थ अमेरिकन इंडियन विमेन्स असोसिएशन’ या संस्थेने गौरव केला. हे वाक्य जसेच्या तसे मराठीत उतरवले, तर ती अमेरिकेत स्थायिक झालेल्या भारतीय महिलांची संघटना असावी, असेच आपल्या वाचकाला वाटेल. संस्थेचे नाव बदलता येत नाही. मात्र त्या नावाआधी ‘मूलनिवासी स्त्रियांची संघटना असलेल्या’ एवढे शब्द घालता येतात, आणि ते घालावेत. लेखकाच्या स्वतःच्या वाक्यांत ‘मूलनिवासी’ हाच शब्द वापरावा आणि ‘इंडियन’ फक्त ग्रंथांच्या, संस्थांच्या व कायद्यांच्या नावांपुरता राखावा.

‘रेड इंडियन’ हा जुन्या मराठी पुस्तकांतला शब्दप्रयोग टाळावा, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. या लेखात मात्र तांबड्या रंगाचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो, कारण चॉक्टॉ भाषेत ‘ओक्ला’ म्हणजे लोक आणि ‘हुम्मा’ म्हणजे तांबडे, आणि त्यांच्यापासून ओक्लाहोमा हे नाव तयार झाले. तिथे तो शब्द चॉक्टॉ माणसाने स्वतःच्या भाषेतून दिलेला आहे आणि दुसऱ्या ठिकाणी तो परक्यांनी चिकटवलेला आहे. हा फरक एका वाक्यात सांगून पुढे जावे.

‘चॉक्टॉ नेशन’ याचे भाषांतर ‘चॉक्टॉ राष्ट्र’ असेच करावे. ‘टोळी’ हा शब्द तर मुळीच वापरू नये, कारण मराठीत टोळी दरोडेखोरांचीही असते. एकोणिसाव्या शतकातच या लोकांची लिखित राज्यघटना, विधिमंडळ, न्यायालये आणि स्वतःच्या पैशाने चालवलेल्या शाळा होत्या. त्यांचा ‘प्रिन्सिपल चीफ’ निवडून येत असे, म्हणून त्याला राजा किंवा सरदार म्हणणे चुकीचे ठरते. ‘मुख्य प्रमुख’ हा शब्द थोडा अवघडलेला वाटला तरी चालेल. त्याला राजा केले की नात आपोआप राजकन्या होते, आणि मूलनिवासी स्त्रियांभोवती उभी केलेली राजकन्येची भोळसट प्रतिमा अमेरिकेतही पुरेशी शिळी झाली आहे.

आणखी एक गंमत आपल्या लिपीची आहे. हे लोक स्वतःला जे नाव घेतात, ते देवनागरीत सहज ‘चाहता’ असे लिहिले जाते. मग ‘चाहता लोकांचा इतिहास’ वाचून वाचक एखाद्या नटाच्या चाहत्यांचा शोध घेऊ लागेल. स्वनाम द्यायचेच असेल तर ‘चाह्टा’ असे लिहावे आणि अन्यत्र ‘चॉक्टॉ’ हेच रूप ठेवावे.

जन्मगावाआधी जमीन

राइट यांचा जन्म ३१ मार्च १८८९ रोजी लीहाय या गावी झाला. हे गाव आज ओक्लाहोमा राज्याच्या कोल परगण्यात आहे. ‘ओक्लाहोमात जन्म’ असे लिहून मोकळे होण्याचा मोह इथे होतो, पण त्या दिवशी ओक्लाहोमा नावाचे राज्य अस्तित्वात नव्हते. त्या जन्मल्या चॉक्टॉ राष्ट्रात, तेव्हाच्या ‘इंडियन टेरिटरी’त, म्हणजे मूलनिवासी राष्ट्रांसाठी राखलेल्या प्रदेशात. त्या अठरा वर्षांच्या असताना, १६ नोव्हेंबर १९०७ रोजी, ते राष्ट्र एका नव्या राज्याच्या पोटात गेले. त्यांच्या पुढच्या सगळ्या लेखनामागे ही घटना उभी आहे. म्हणून जन्माच्या वाक्यानंतर लगेच एक परिच्छेद जमिनीच्या इतिहासाला द्यावा.

त्या परिच्छेदात चार गोष्टी कारणपरंपरेसह याव्यात. चॉक्टॉ लोक मूळचे मुख्यतः आजच्या मिसिसिपी राज्यातले. १८३० साली अमेरिकेच्या काँग्रेसने मूलनिवासींना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस हलवण्याचा कायदा केला, आणि त्याच वर्षी २७ सप्टेंबर रोजी झालेल्या डान्सिंग रॅबिट क्रीकच्या तहाने त्यांना नदीच्या पूर्वेकडची उरलीसुरली जमीन सोडावी लागली. त्या कायद्याखाली हलवले गेलेले ते पहिले मोठे राष्ट्र होय. १८३१ ते १८३३ या काळात थंडी, पूर, पटकी आणि सरकारी गैरव्यवस्था यांत हजारो माणसे भरडली गेली. पश्चिमेकडे त्यांनी राष्ट्र पुन्हा उभे केले. यादवी युद्धात मात्र त्यांनी दक्षिणेची बाजू घेतली, त्यामुळे १८६६ साली वॉशिंग्टनला जाऊन पराभूताच्या नात्याने नवा तह करावा लागला. नंतर १८९८ च्या कर्टिस कायद्याने सामाईक मालकीची जमीन माणशी वाटण्याचे आणि राष्ट्राची न्यायालये बंद करण्याचे धोरण लादले गेले. १९०५ साली पाच मूलनिवासी राष्ट्रांनी ‘सिक्वोया’ नावाचे स्वतःचे वेगळे राज्य मागितले, पण काँग्रेसने ते दिले नाही. एवढे सांगितले की १९०७ चा अर्थ वाचकाला वेगळा समजावून द्यावा लागत नाही. वाटपासाठी केलेल्या याद्यांमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे ‘रक्ताचा अंश’ लिहिला जाई. ही सरकारी मोजणी होती. तिला चॉक्टॉ रूढी समजू नये, कारण त्यांच्या जुन्या चालीत कूळ आईकडून चाले.

लहान नोंदीत हा परिच्छेद तीन वाक्यांवर आणता येईल, पण १८३० आणि १९०७ ही दोन वर्षे गाळू नयेत.

आजोबांना किती जागा द्यावी

ॲलन राइट हे म्युरिएल यांचे आजोबा. त्यांचे मूळ नाव किलियाहोटे. मिसिसिपीत जन्मलेला हा पोरका मुलगा मिशनऱ्यांच्या आश्रयाने शिकला. ‘राइट’ हे आडनाव त्याला आल्फ्रेड राइट या मिशनऱ्यावरून मिळाले. विमान उडवणाऱ्या बंधूंशी त्याचा काही संबंध नाही, आणि तसे सांगण्याचीही गरज नाही. १८५२ साली युनियन कॉलेजची पदवी आणि १८५५ साली न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीचे शिक्षण पुरे करून ते परतले, १८६६ ते १८७० या काळात चॉक्टॉ राष्ट्राचे मुख्य प्रमुख होते, हिब्रूतील स्तोत्रे त्यांनी चॉक्टॉ भाषेत आणली आणि त्या भाषेचा एक शब्दकोश तयार केला. १८६६ च्या तहाच्या वाटाघाटींत नियोजित प्रदेशासाठी ‘ओक्लाहोमा’ हे नाव सुचवले तेही त्यांनीच.

हा मजकूर इतका आकर्षक आहे की लेखाची सुरुवात त्यानेच करावीशी वाटते. माझे मत याउलट आहे. आजोबांनी राज्याला नाव दिले आणि नातीने त्या राज्याचा इतिहास लिहिला, ही जुळणी पहिल्याच ओळीत टाकली की पुढे नातीचे काम वारसाहक्काने मिळाल्यासारखे दिसू लागते. प्रत्यक्षात ॲलन राइट १८८५ साली, म्हणजे तिच्या जन्माच्या चार वर्षे आधी वारले होते. तिला मिळाला तो त्यांचा कागदांचा, आठवणींचा आणि प्रतिष्ठेचा वारसा. त्या प्रतिष्ठेची किंमत तिने पुढे कशी मोजली, ते टीकेच्या भागात यावे. आजोबांना एक परिच्छेद द्यावा आणि तो जमिनीच्या इतिहासानंतर ठेवावा.

आईवडिलांविषयी दोन-तीन वाक्ये पुरेत. वडील एलिफलेट नॉट राइट हे चॉक्टॉ नागरिक आणि डॉक्टर होते. आई आयडा बेल रिचर्ड्स या मिसुरीहून आलेल्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या शिक्षिका होत्या. आजी हॅरिएट मिचेल याही गोऱ्या मिशनरी शिक्षिकाच. घरात दोन पिढ्या शिक्षिका होत्या, ही बाब मात्र अवश्य नोंदवावी, कारण राइट यांच्या लेखनाचा सूर पुष्कळदा वर्गातल्या बाईंचा असतो. क्रम स्पष्ट, वाक्य आखीव आणि शंकेला जागा कमी.

शिक्षणाचा टप्पा झटपट उरकावा. १९०६ ते १९०८ या काळात त्या मॅसॅच्युसेट्समधील नॉर्टन येथील व्हीटन सेमिनरीत होत्या. १९१२ साली एडा येथील ईस्ट सेंट्रल नॉर्मल स्कूलमधून शिक्षक म्हणून बाहेर पडल्या, आणि १९१६–१७ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात त्यांनी पुढचा अभ्यास सुरू केला, पण महायुद्धामुळे तो अर्धवट राहिला. मधल्या व नंतरच्या वर्षांत त्यांनी खेड्यापाड्यांतल्या शाळांत शिकवले. पदव्युत्तर पदवी हाती नसताना त्यांनी पुढचे काम उभे केले, हे नुसते सांगावे. त्याचे कौतुक करण्याचे काम वाचकावर सोडावे.

कामाचा भाग: इथे थांबावे

चरित्रलेखाचा निम्मा भाग त्यांच्या कामाला द्यायला हवा, आणि तो लिहिण्यापूर्वी त्यांचा निदान एक लेख मुळातून वाचायला हवा. ‘क्रॉनिकल्स’चे जुने अंक ओक्लाहोमा हिस्टॉरिकल सोसायटीने इंटरनेटवर खुले केले आहेत. सुरुवातीला १९२८ सालचा चॉक्टॉ स्थलांतरावरचा लेख घ्यावा. वाचताना तीन गोष्टी वहीत टिपाव्यात. कोणत्या विधानाला सरकारी कागदाचा आधार आहे, कोणत्या विधानाला घरातल्या किंवा परिसरातल्या आठवणीचा, आणि कुठे लेखिकेने जागा स्वतः पाहिली असावी. या तीन धाग्यांनीच त्यांची पद्धत विणलेली आहे. आपल्या लेखात ‘त्यांनी अथक संशोधन केले’ असे पोकळ वाक्य येण्याऐवजी तहनाम्याशेजारी वृद्धांची आठवण कशी ठेवली, याचे एखादे उदाहरण यावे.

कामाची सुरुवात जोसेफ थोबर्न यांच्यापासून सांगावी. थोबर्न हे सोसायटीशी दीर्घकाळ निगडित असलेले इतिहासकार. १९२० च्या दशकात राइट यांनी त्यांच्याबरोबर जुन्या चॉक्टॉ मुलखात हिंडून ठिकाणे शोधली आणि कागद जमवले. त्यातून १९२९ साली दोघांच्या नावाने राज्याचा चार खंडांचा इतिहास प्रसिद्ध झाला. शेवटचे दोन खंड त्या काळच्या रिवाजाप्रमाणे स्थानिक मान्यवरांच्या चरित्रांचे होते. त्यामुळे ‘चार खंडांचा इतिहास लिहिला’ असे सरसकट म्हणण्याऐवजी ‘थोबर्न यांच्यासह चार खंडांचा ग्रंथ सिद्ध केला’ असे लिहिणे अधिक अचूक.

त्याच सुमारास त्यांचे स्वतंत्र लेख त्रैमासिकात येऊ लागले होते. बॉगी डेपो या उजाड झालेल्या गावावरचा १९२७ चा लेख मला त्यांच्या स्वभावाची किल्ली वाटतो. एके काळी हे गाव रहदारीच्या मार्गावरचे गजबजलेले ठाणे होते. ॲलन राइट यांचे घर तिथे होते आणि त्यांची कबरही तिथेच आहे. रेल्वे दुसरीकडून गेली आणि गाव ओसरले. अशा गावाचा इतिहास लिहिताना घरचा माणूस हळवा होणे साहजिक आहे, पण राइट घरे, दुकाने, रस्ते आणि माणसे यांची नोंद शांतपणे करत जातात. आर्कान्सा आणि रेड या नद्यांवरची जुनी वाहतूक, चॉक्टॉ व शेजारच्या चिकसॉ या मूलनिवासी राष्ट्रांतील परगण्यांची रचना, वापानुका येथील मुलींची शाळा हे त्यांचे पुढचे विषयही असेच भूगोलाला घट्ट धरून आहेत. चरित्रलेखासोबत नकाशा देता आला तर जरूर द्यावा, आणि त्यात लीहाय, अटोका, बॉगी डेपो व रेड नदी एवढे तरी दाखवावे.

पाठ्यपुस्तकांकडे दुर्लक्ष करू नये. १९२९ चे ‘द स्टोरी ऑफ ओक्लाहोमा’ आणि १९३९ चे ‘अवर ओक्लाहोमा’ ही पुस्तके शाळांतून वापरली गेली. विद्वानांच्या जगात पाठ्यपुस्तकाला मान कमी असतो. पण राज्यातल्या गोऱ्या मुलांच्या हाती पडणारे इतिहासाचे पुस्तक एका चॉक्टॉ स्त्रीने लिहिलेले असणे आणि त्या इतिहासाची सुरुवात गोऱ्या वसाहतवाल्यांच्या खूप आधीपासून होणे, ही १९३० च्या आसपासची लहान गोष्ट नव्हे.

१९५१ साली ओक्लाहोमा विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने काढलेला ‘अ गाइड टू द इंडियन ट्राइब्ज ऑफ ओक्लाहोमा’ हा त्यांचा सर्वांत टिकलेला ग्रंथ. त्याचे वर्णन करताना रचना सांगावी. वर्णानुक्रमे प्रत्येक समाज घेऊन त्याच्या नावाचा अर्थ, सध्याचे ठिकाण, लोकसंख्या, इतिहास, शासनव्यवस्था, आजचे जीवन, समारंभ व नृत्ये अशी माहिती ठरावीक क्रमाने दिली आहे. या क्रमातला ‘आजचे जीवन’ हा भाग महत्त्वाचा आहे. मूलनिवासी म्हणजे संपून गेलेले लोक, अशी समजूत तेव्हा सर्रास होती. राइट यांनी प्रत्येक नोंदीत ते आज कुठे राहतात, किती आहेत आणि काय करतात हे लिहिले, म्हणजे वर्तमानकाळाला ग्रंथाच्या सांगाड्यातच जागा करून दिली. आपणही त्यांच्या समाजाविषयी लिहिताना ‘चॉक्टॉ लोक शेती करत असत’ असा सरसकट भूतकाळ वापरत नाही ना, हे एकदा तपासून पाहावे.

संपादकपदाच्या बारा वर्षांचा प्रश्न

राइट १९४३ साली ‘क्रॉनिकल्स’च्या सहयोगी संपादक झाल्या. संपादक हे पद त्यांना १९५५ साली मिळाले आणि १९७३ साली त्या निवृत्त झाल्या. मधली बारा वर्षे संपादनाचा मुख्य भार त्यांनीच वाहिला, पण मुखपृष्ठाच्या आत नावापुढे दर्जा दुय्यमच राहिला. हा भाग लिहिताना दोन टोके टाळावीत. ‘१९४३ पासून ३० वर्षे संपादक’ असे लिहिले तर अन्यायावर पांघरूण पडते, आणि ‘१९५५ ते १९७३ संपादक’ एवढेच लिहिले तर बारा वर्षांचे काम पुसले जाते. दोन्ही वर्षे द्यावीत आणि मधला फरक साध्या वाक्यात सांगावा. विशेषणांची गरज पडत नाही.

संपादक म्हणून त्यांनी केलेले काम दाखवायचे असेल तर कोणत्याही दोन वर्षांचे अंक काढून बसावे. मुख्य लेखांपेक्षा मागच्या पानांवरच्या टिपा, दुरुस्त्या आणि मिळालेल्या कागदांच्या नोंदी वाचाव्यात. संपादकाचा हात तिथे अधिक स्पष्ट दिसतो.

समाजकारणाचा धागाही याच भागात विणता येतो. १९०७ नंतर चॉक्टॉ मुख्य प्रमुखाची नेमणूक अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष करत, निवडणूक होत नसे. राष्ट्राची कोळसा आणि डांबरी दगड असलेली जमीन मात्र वाटपाबाहेर सामाईक राहिली होती, आणि तिचे पैसे मिळवण्याचा प्रश्न दशकानुदशके लोंबकळत होता. राइट १९२२ ते १९२८ या काळात चॉक्टॉ समितीच्या सचिव होत्या आणि १९३४ ते १९४४ या काळात चॉक्टॉ सल्लागार मंडळावर होत्या. म्हणजे सकाळी ज्या तहाचा इतिहास लिहायचा, त्याच तहातल्या हक्कांसाठी दुपारी अर्ज लिहायचा, असे हे आयुष्य होते.

टीका कशी लिहावी

गौरवाचा लेख असला तरी टीकेचा परिच्छेद असावा. १९३४ साली अँजी डेबो या गोऱ्या इतिहासकार स्त्रीने चॉक्टॉ प्रजासत्ताकाच्या उदयास्तावर ग्रंथ लिहिला. अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनने त्याला पारितोषिक दिले. राइट यांनी मात्र ‘क्रॉनिकल्स’मध्ये त्याचे दीर्घ आणि कठोर परीक्षण लिहिले. डेबो यांच्या ग्रंथात चॉक्टॉ नेत्यांच्या आर्थिक व्यवहारांचीही चिकित्सा होती, आणि त्या नेत्यांत ॲलन राइट यांची पिढी येते. इथे लेखकाने न्यायाधीश होण्याची घाई करू नये. बाहेरून आलेल्या संशोधकाला कागदात जे दिसते ते घरच्या माणसाला दिसत नाही, आणि घरच्या माणसाला जे ठाऊक असते ते कागदावर नसते. दोघींची बाजू मांडून, राइट यांच्या बाजूला घराण्याचा ओढा होता हे स्पष्ट म्हणावे. मला विचाराल तर या वादात डेबो यांचा ग्रंथ अधिक निर्भय ठरतो. तो ज्या तहांवर आणि गावांवर उभा आहे, त्यांची वाट मात्र राइट यांच्या आधीच्या लेखांनीही रुंद केली होती.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. चॉक्टॉ राष्ट्रात गुलामगिरी होती. १८६६ च्या तहाने ती संपली, आणि मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना नागरिकत्व देण्याचा कायदा राष्ट्राने १८८३ साली केला. प्रतिष्ठित, सुशिक्षित, ख्रिस्ती चॉक्टॉ कुटुंबांची प्रगती हा राइट यांच्या लेखनाचा कणा आहे, आणि त्या प्रगतीच्या चित्रात या कृष्णवर्णीय माणसांना फार थोडी जागा मिळते. चॉक्टॉ भाषाच बोलणाऱ्या, डोंगराळ भागातल्या गरीब कुटुंबांविषयीही बहुतांशी तेच म्हणता येईल.

तपासणी

मसुदा झाल्यावर ‘पहिली’, ‘एकमेव’ आणि ‘सर्वश्रेष्ठ’ हे तीन शब्द शोधून काढावेत. ‘पहिली मूलनिवासी स्त्री-इतिहासकार’ असे कोणी छापले असेल तर ते आपल्या लेखात घेऊ नये. पिढ्यान्‌पिढ्या इतिहास तोंडी जपणाऱ्या स्त्रियांना वगळूनच तसे म्हणता येते. ‘अग्रणी’ हा शब्द पुरेसा आहे. आपल्याकडच्या एखाद्या इतिहासाचार्यांची उपमा देऊन ‘ओक्लाहोमाच्या अमुक’ असे बिरुदही चिकटवू नये. त्याने वाचकाला ओळख पटल्याचा भास होतो आणि ओळख राहून जाते. सन्मानांपैकी १९४० चा ‘ओक्लाहोमा हॉल ऑफ फेम’ आणि १९७१ चा वर सांगितलेला गौरव एवढे दोन पुरेत. एकेरी-आदरार्थी यांचा गोंधळ टाळावा. बालपण सांगताना ‘ती’ चालते, पण नोकरी लागल्यापासून ‘त्या’.

शेवट पुरस्काराने करू नये. राइट यांनी राज्यातल्या ऐतिहासिक ठिकाणी रस्त्याकडेला उभारायच्या फलकांसाठीही मजकूर तयार केला. मोटार थांबवून उभ्या उभ्या वाचता येईल इतक्याच ओळी, त्यात वर्ष, ठिकाण, माणूस आणि दिशा. २७ फेब्रुवारी १९७५ रोजी ओक्लाहोमा सिटीत त्यांचे निधन झाले, हे वाक्य लिहून झाल्यावर आपल्या लेखाचा शेवटचा परिच्छेद अशा एखाद्या फलकाएवढा लहान करून पाहावा, आणि त्यात न मावणारे सर्व खोडावे.